आधी पॉइंट, मग गाडी: मुंबईत इलेक्ट्रिक कार चालवणाऱ्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २०२१ मध्ये मुलुंडला इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा सोसायटीत हिरव्या पाटीची दुसरी गाडी नव्हती. लोक लिफ्टमध्ये थांबवून विचारायचे, सिग्नलला काच खाली करायला सांगून विचारायचे, हवा भरायला गेलं की पंपावरची मुलं विचारायची. आता रस्त्यावर हिरव्या पाट्या भरपूर दिसतात. प्रश्न मात्र जवळपास तेच आहेत, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. आमची गाडी पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही आहे, ३०.२ युनिटच्या (म्हणजे किलोवॉट-अवरच्या) बॅटरीची. नव्या गाड्यांची बॅटरी मोठी असते, त्यामुळे इथले रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर याचे, आकडे तुमच्या गाडीला कमीच वाटतील. बाकीचं सगळं तसंच लागू होतं.

रेंज खरी किती मिळते?

कंपनीच्या कागदावर ३१२ किलोमीटर होते. ते चाचणीतले, प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेले. मुंबईत एसी लावून मला साधारण २०० मिळतात, पावसाळी गारव्यात थोडे जास्त. हायवेवर ताशी १००ने सोडली तर १७०च्या आसपास. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून हायवेवर रेंज घटते. पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण ती गाडी हायवेला जास्त अॅव्हरेज देते आणि ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पिते.

गाडी निवडताना कागदावरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करा आणि उरलेल्यात आपला सगळ्यात लांबचा नेहमीचा दिवस बसतो का ते बघा. माझं काम साइटवर फिरण्याचं. सकाळी ठाणे, दुपारी वडाळा, कधी फ्रीवेने थेट फोर्ट. असा दिवस ७०-८० किलोमीटरच्या पुढे क्वचित जातो.

मग रोज चार्ज करावी लागते?

नाही. एक दिवसाआड पुरतं, कधी दोन दिवसांआड. रात्री घरी आल्यावर लावायची, सकाळी काढायची. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रिकाम्या बॅटरीला साडेआठ-नऊ तास लागतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करून घरी येतं कोण? निम्मी संपलेली असते, ती पहाटेपर्यंत भरते. पेट्रोल पंपाच्या रांगेत जाणारा वेळ आमच्या आयुष्यातून गेलाच.

यात एक अट लपलेली आहे: रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे पॉइंट हवा. मुंबईत इलेक्ट्रिक गाडीचा निम्मा निर्णय शोरूममध्ये होतच नाही, तो पार्किंगमध्ये होतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, आधी पॉइंट, मग बुकिंग. डिलरचा माणूस म्हणेल, "मॅडम, चार्जर कंपनी बसवून देते." बसवून देते हे खरं, पण सोसायटीची परवानगी आणणं, मीटरपासून केबल ओढण्याची वाट काढणं आणि तिचा खर्च हे तुमच्याकडे असतं.

सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

कायद्याची बाजू आधी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीजविक्री नव्हे, त्याला वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही. १४ जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुढे असं आलं की गाडीमालक घरी किंवा ऑफिसात असलेल्या जोडणीवरच गाडी चार्ज करू शकतो; सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या नव्या सूचनांतही ही मुभा आहे. २०१८चं स्पष्टीकरण आणि २०२४च्या सूचना यांच्या प्रती अर्जाला जोडा.

पण नुसते कागद घेऊन भांडायला जाऊ नका. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंतची भिंत सोसायटीची आहे, तिच्यावरून केबल जाणार, तेव्हा कमिटीला विचारणं रास्तच आहे. कमिटीच्या मनात बहुतेक तीन शंका असतात: विजेचे पैसे कोण भरणार, लोड वाढून बिल्डिंगचा फ्यूज उडेल का, आणि आग लागली तर? या तिन्हींची उत्तरं अर्जातच लिहून द्या. स्वतंत्र मीटर किंवा सब-मीटर, लायसन्सधारक वायरमनचं काम, केबलचा मार्ग दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) यांचा उल्लेख, खर्च पूर्ण तुमचा. आमच्या सेक्रेटरी काकांना पहिल्या भेटीत हा विषय अजिबात पटला नव्हता. नकाशा समोर ठेवल्यावर त्यांनी स्वतः पेन घेऊन केबलचा मार्ग बदलून दिला, पाण्याच्या टाकीपासून लांबून. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांचा मार्ग माझ्यापेक्षा चांगला होता.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि वार्षिक सभेची वाट बघत बसू नका. कमिटीच्या मासिक बैठकीत विषय घ्यायला सांगा. सभेत शंभर माणसांपुढे "उद्या स्फोट झाला तर?" असं कुणीतरी म्हणतं आणि मग विषय वर्षभर बाजूला पडतो.

मीटर घरचाच वापरायचा की वेगळा घ्यायचा?

महिन्याला दीड हजार किलोमीटर चालणारी गाडी मीटरवर साधारण २५० युनिट घेते. घरचा वापर आधीच २०० असेल तर तुम्ही महागड्या स्लॅबमध्ये जाता आणि गाडीची बरीच युनिटं त्या वरच्या दराने पडतात. राज्य वीज नियामक आयोगाने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी ठेवली आहे, तिच्यात घरगुती स्लॅब नसतात. रोज चालणारी गाडी असेल तर वेगळा मीटर घ्या. आठवड्याला एकदा बाहेर निघणारी असेल तर घरच्या मीटरवर भागतं.

अर्ज कुणाकडे, तर तुमचा वीजपुरवठा ज्यांचा त्यांच्याकडे. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदाणी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंड आणि पलीकडे ठाण्यात महावितरण.

वायरमनला नेमकं काय सांगायचं?

इथे पैसे वाचवू नका. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी रात्रभर सलग १३-१५ अँपिअर ओढते. गिझरला चाललेलं सॉकेट गाडीला वितळू शकतं.

मीटरपासून पार्किंगपर्यंत तांब्याची वायर हवी. अंतर कमी असेल तर ४ एमएम, लांब असेल तर ६. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर बसवणार असाल तर त्याहून जाड, तो ३२ अँपिअर घेतो. स्वतंत्र एमसीबी, स्वतंत्र आरसीसीबी. सॉकेट चांगल्या कंपनीचं, इंडस्ट्रियल असेल तर उत्तम. आणि अर्थिंग! जुन्या बिल्डिंगमध्ये पाच-पाच वर्षं अर्थिंगकडे कुणी बघितलेलं नसतं. टीव्ही, फ्रिज तरीही चालतात, म्हणून कुणाला कळत नाही. गाडीसोबत मिळणारा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नसेल तर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. लोक म्हणतात चार्जर खराब निघाला. बहुतेक वेळा चार्जर बरोबर असतो आणि बिल्डिंगची अर्थिंग गेलेली असते. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. त्यात फायदा अख्ख्या बिल्डिंगचा आहे, आणि हे कमिटीलाही आवर्जून सांगा.

पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू असताना तासाभराने प्लग बंद करून हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसत असेल तर सॉकेट बदला.

आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे. रस्त्यावर गाडी लावतो. आमचं काय?

स्टॅक पार्किंगमध्ये वरखाली होणाऱ्या प्लेटवर केबल नेता येत नाही, नेऊही नका. अशा बिल्डिंगमध्ये मार्ग एकच: जमिनीवरची एक-दोन पाहुण्यांची जागा सामायिक चार्जिंगला काढून घ्यायची आणि आलटूनपालटून वापरायची. जिथे हे जमलं आहे तिथे ते वॉचमनच्या वहीमुळे जमलं आहे. कुणाची गाडी कधी लागली, कधी निघाली, युनिट किती, हे तो लिहितो. दहा वाजता एकाची भरली की दुसऱ्याला इंटरकॉम करतो. त्याच्या या जास्तीच्या कामाचे पैसे त्याला द्या.

रस्त्यावर किंवा पे अँड पार्कमध्ये गाडी लावणाऱ्यांना मी आज तरी इलेक्ट्रिक घ्या म्हणणार नाही, ऑफिसात चार्जिंगची सोय असल्याशिवाय. पहिल्या मजल्यावरून फुटपाथवर वायर सोडलेली मी पाहिली आहे. लोक त्यावरून चालतात, मुलं खेळतात. हे अजिबात करू नका.

खर्चाचा हिशेब?

आमची गाडी मीटरवरून मोजलं तर १०० किलोमीटरला १७ युनिट घेते. यात चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही आली. युनिटला १० रुपये धरले तरी किलोमीटरला १ रुपया ७० पैसे. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ मध्ये शंभरी ओलांडली. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला १०० रुपये आणि आपल्या ट्रॅफिकमधलं १२चं अॅव्हरेज धरा, किलोमीटरला ८ रुपये ३३ पैसे. फरक साडेसहा रुपयांच्या वर जातो.

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट दुपटीने महाग पडतं, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सगळं चार्जिंग बाहेर करणाऱ्याचा फायदा बराच आटतो. घरी पॉइंट हवा म्हणते त्याचं हेही कारण.

आणि गाडी मुळात महाग आहे. महिन्याला पाचशे किलोमीटर चालणार असेल तर फरक भरून निघायला खूप वर्षं जातील. अशांनी पैशांसाठी घेऊ नये.

बाहेरचे चार्जर भरवशाचे असतात का?

पूर्वीपेक्षा पुष्कळ बरे. आम्ही गाडी घेतली तेव्हा नकाशावर चार्जर दिसायचा आणि तिथे गेल्यावर तो जुन्या पद्धतीच्या प्लगचा निघायचा, भारत डीसी-००१ नावाच्या. आमच्या गाडीला सीसीएस-२ लागतो, त्यामुळे बघून परत यायचं. आता जवळपास सगळीकडे सीसीएस-२च आहे.

राहिलेले त्रास: प्रत्येक कंपनीचं वेगळं अॅप आणि वेगळं वॉलेट, तळघरात मोबाइलला रेंज नाही म्हणून अॅप उघडत नाही, आणि चार्जिंगच्या जागेवर पेट्रोलची गाडी उभी. मॉलमध्ये हे शेवटचं नेहमीचं आहे. तिथल्या सिक्युरिटीवाल्याशी वाद घालू नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मॅनेजरकडे लेखी तक्रार करा. निघण्याआधी अॅपमध्ये चार्जरची शेवटची नोंद बघा. काल कुणी चार्ज केलं असेल तर चालू आहे असं धरायला हरकत नाही, आठवड्याभरात कुणीच केलं नसेल तर दुसरा शोधा.

चार्ज झाली की गाडी लगेच काढा. जेवण चालू असेल तर डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवा. मागे थांबलेला माणूस बदलापूरला जायचा असू शकतो.

पाऊस! पाण्यातून गाडी जाते का? शॉक बसतो का?

मुंबईकराचा हा प्रश्न अगदी खरा आहे.

पावसात चार्ज करायला हरकत नाही. प्लग लावला की लगेच वीज वाहत नाही. गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, जोडणी नीट बसली आहे आणि अर्थिंग आहे याची खात्री करतात, मग वीज सोडतात. फक्त भिंतीवरचं सॉकेट उघड्यावर असेल तर त्याला झाकणाचा वॉटरप्रूफ डबा हवा. पोर्टेबल चार्जरचा ठोकळा जमिनीवर ठेवू नका, हुक मारून टांगा.

पाण्यातून जाण्याबद्दल. बहुतेक गाड्यांची बॅटरी आयपी-६७ दर्जाची असते: १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडाली तरी पाणी आत जाऊ नये, अशी चाचणी. इंजिन नाही, त्यामुळे हवेच्या पाइपमधून पाणी ओढून इंजिन जाम होण्याचा प्रकारही नाही. हे ऐकून लोक हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात गाडी घालतात. घालू नका. बॅटरी बंद डब्यात आहे, पण सीटखालचे वायरिंगचे जोड, १२ व्होल्टची यंत्रणा, चाकांची बेअरिंग या गोष्टी त्या दर्जाच्या नाहीत. शिवाय आयपी-६७ची चाचणी नव्या बॅटरीची आणि स्वच्छ पाण्यात होते. पाच वर्षं खड्ड्यांतून आपटलेल्या डब्याची कुणी करत नाही. माझा नियम: चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर वळायचं. मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट इथे जोराच्या पावसात भरतीच्या वेळेला जायचंच नाही.

गाडी पार्किंगमध्ये पाण्यात उभी राहिली असेल तर सुरू करू नका आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नका. ते पाणी खाडीचं किंवा भरतीचं असेल तर जास्त जपा. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर आग काही दिवसांनीही लागू शकते. अमेरिकेत फ्लोरिडात २०२२च्या इयान वादळानंतर हे घडलं आहे. गाडी मोकळ्या जागी हलवून सर्व्हिस सेंटरला कळवा. टोइंग करायचं ते चारही चाकं वर उचलणाऱ्या फ्लॅटबेडनेच. पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर मोटर वीज तयार करत राहते आणि नुकसान होतं.

सॉकेट किती उंचीवर बसवायचं? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तुमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं हे तळमजल्यावरच्या एखाद्या आजींना विचारा. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्याच्या दोन फूट वर सॉकेट लावा.

ट्रॅफिकमध्ये अडकलो तर बॅटरी संपेल?

गाडी थांबली की मोटर काही घेत नाही, घेतो तो एसी. तापलेली गाडी थंड करताना तासाला एक-दीड युनिट, मग कमी. १ युनिट म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. म्हणजे तासभर जाममध्ये सात-आठ किलोमीटरची रेंज गेली, बस. २० युनिट शिल्लक असतील तर एसी लावून रात्रभर बसता येतं. पावसात अडकून पडण्याची ज्या शहराला सवय आहे तिथे हा मोठा दिलासा आहे. काचा बंद, एसी चालू, आणि धूर आत यायची भीती नाही.

पुण्याला जाते का?

जाते. मुलुंडहून पुणे एका चार्जमध्ये होतं, पण माझ्या गाडीत पोहोचताना हाताशी फार उरत नाही. म्हणून खालापूरच्या फूड मॉलवर वडा-चहा होईपर्यंत चार्जिंग.

बोरघाटाचं गणित सांगते, कारण घाटाची भीती गरजेपेक्षा जास्त आहे. माणसं-सामानासकट पावणेदोन टन वजन ६०० मीटर वर न्यायला जवळपास ३ युनिट लागतात. तेवढी जादा तरतूद ठेवायची, म्हणजे आमच्या बॅटरीच्या दहा-बारा टक्के. उतरताना यातला बराच भाग परत मिळतो. मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडी आपोआप मंदावते आणि ब्रेक तापत नाहीत. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी खाली आणून मुंबईला वीज देतं. घाट उतरताना गाडीच्या काट्यावर टक्के वाढताना दिसले की मला दर वेळी त्या केंद्राची आठवण होते.

एक सूचना महत्त्वाची: लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते, मग गाडी मोटरने थांबत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८५ टक्क्यांवर निघा.

गणपतीत कोकणात?

जातो. पनवेल सोडल्यावर पेण, माणगाव, महाड, चिपळूण असे टप्पे करायचे आणि चार्जर अर्धी बॅटरी असतानाच गाठायचा. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत प्रत्येक चार्जरवर रांग असते, तेव्हा पहाटे निघा किंवा त्याच्याही दोन दिवस आधी.

खरी काळजी गावच्या घरची. व्होल्टेज कमी, वायरिंग जुनं आणि त्यावर आरास, तोरणं, मिक्सर. चार्जरला करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवा, नसेल तर आरती-जेवणं आटोपल्यावर रात्री अकराला लावा. एक्स्टेन्शन वायर टाळाच. नाइलाज असेल तर जाड घ्या आणि पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरचं भेंडोळं तापून वितळतं.

आग लागते म्हणतात.

जून २०२२ मध्ये वसईत एका इलेक्ट्रिक कारला आग लागल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. त्या वर्षी देशात इलेक्ट्रिक स्कूटरही पेटल्या होत्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने आले. धोका शून्य आहे असं मी कुणालाच सांगत नाही. लिथियमची आग विझवायला पाणी फार लागतं आणि ती पुन्हा भडकू शकते. गाडी घेताना बॅटरीतले सेल कोणत्या प्रकारचे ते विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल उष्णतेला जास्त टिकाऊ असतात. पण घरच्या पार्किंगमध्ये तुमच्या हातात असलेला मोठा धोका सैल प्लग, पातळ वायर आणि स्वस्त सॉकेट हाच आहे.

बॅटरी किती वर्षं टिकते?

आमच्या गाडीच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. आमची रेंज थोडी घटली आहे, रोजच्या वापरात जाणवेल इतकी नाही. रोज फास्ट चार्जिंग टाळा, गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर निम्म्यावर ठेवा, मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीला थोडा वेळ सावली द्या. फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल तर अधूनमधून स्लो चार्जरवर पूर्ण १०० टक्के होऊ द्या, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात आणि काट्यावरचा आकडा खरा राहतो.

सर्व्हिसला काय असतं? बंद पडते का?

इंजिन ऑइल नाही, क्लच नाही. ब्रेक पॅड बराच काळ टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात, गाडी जड आहे आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही असं झालं तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. दरवाजे, स्क्रीन आणि मुख्य बॅटरीचा स्विच तिच्यावर चालतात. दर तीन वर्षांनी ती बदललेली बरी.

टोल, पीयूसी, विमा?

पीयूसी लागत नाही. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिक कारला १५ टक्के सूट आहे, जून २०२२पासून. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५पासून टोलमाफी. फास्टॅग तरी लावलेलाच ठेवा.

आवाज नसतो, लोकांना कळत नाही ना?

नाही कळत. दादरला स्टेशनबाहेर, भाजी मंडईत लोक पाठमोरे चालत असतात आणि त्यांचे कान गाड्यांच्या आवाजाकडे असतात. तिथे गाडी चालत्या माणसाच्या वेगाने न्या. हॉर्न दचकवतो, माणूस भलतीकडे उडी मारतो. मी काच खाली करून "काका, जरा बाजूला" म्हणते.

वीज तर कोळशाचीच. मग उपयोग काय?

भारतात १ युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १७ युनिटचे झाले १२ किलो, १०० किलोमीटरला. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी ८ लिटरच्या वर घेते, त्याचे १९ किलो. बॅटरी बनवताना झालेलं प्रदूषण वेगळं, ते भरून निघायला काही वर्षं चालवावी लागते. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की सिग्नलला माझ्या गाडीमागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडात माझा धूर जात नाही. आणि बेस्टची लाल इलेक्ट्रिक डबल डेकर माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भलं करते, हेही तितकंच खरं. जिथे ती जाते तिथे तिनेच जा.

आमच्या सोसायटीत तुमची एक गाडी ठीक आहे. उद्या वीस झाल्या तर?

हा प्रश्न पहिल्या गाडीच्या वेळीच विचारायला हवा. पहिल्याने आपल्यापुरती केबल ओढली, दुसऱ्याने तिच्याशेजारून, तिसऱ्याने वरून, की मीटर रूममध्ये जाळं होतं आणि चौथ्याला कमिटी नाही म्हणते.

२० गाड्या साध्या पॉइंटवर एकदम लागल्या तर ६० किलोवॉट. तेवढा जादा लोड जुन्या बिल्डिंगला मंजूर नसतो. पण २० गाड्या एकाच रात्री रिकाम्या होऊन येत नाहीत. निम्म्या येतात, त्यातल्या बऱ्याच तीन-चार तासांत भरतात. लोड वाटून देणारे चार्जर मिळतात, ते एकूण मर्यादा ओलांडू न देता रात्रभरात सगळ्यांना पुरवतात. संध्याकाळी सात ते अकरा, जेव्हा घरोघरी एसी आणि गिझर चालू असतात, तेव्हा चार्जिंग न लावण्याचा साधा ठराव केला तरी बराच भार हलका होतो.

कमिटीने आजच करायच्या गोष्टी अशा. वीज कंपनीकडून बिल्डिंगचा मंजूर लोड आणि महिन्यातली कमाल मागणी लेखी मागवा. मीटर रूमपासून पार्किंगच्या टोकापर्यंत एकच रुंद केबल ट्रे टाका, तिच्यात सगळ्यांच्या केबल जातील. तिचा खर्च सोसायटीचा, पुढची केबल ज्याची त्याने भरायची. वेगळ्या ईव्ही मीटरसाठी पॅनेलमध्ये जागा राखा. आणि पार्किंगचं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकचं काम निघणार असेल तर ते सुरू होण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला रिकामे पाइप पुरून घ्यायला सांगा, दर दोन गाड्यांमागे एक.